‘म्हणून’ राहून गेलं

संगणकसरांना या प्रकरणातून काय मिळणार होतं ते आधीच मांडून ठेवू, म्हणजे मागाहून उगाच कुणाच्या नावानं बोटं मोडायला नकोत.

पहिली गोष्ट म्हणजे खोली. दार असलेली. अध्यापक विद्यालयाच्या शिक्षकदालनात सरांचं टेबल पाण्याच्या पिंपाला चिकटून होतं. ज्याला तहान लागे तो येई, पाणी पिई आणि ओला पेला सरांच्या कागदांवर ठेवून निघून जाई. त्यांच्या एकूण एक कागदावर त्यामुळे एक फिकट गोल उमटलेला असायचा. शिपाई त्याला विद्यालयाचा शिक्का म्हणायचा. दुसरी गोष्ट म्हणजे त्या दारावरची पाटी: ‘प्रमुख, विचारकौशल्य विभाग’. आणि तिसरी, जी सर कुणाला बोलून दाखवत नसत. प्रमुख झालेल्या माणसाला कुणी ‘सर, जरा येता का, प्रिंटरमध्ये कागद अडकलाय’ असं म्हणत नाही. सरांची निम्मी नोकरी अडकलेले कागद ओढण्यात गेली होती.

आणि जाणार काय होतं? काही नाही. घरी बसून एक प्रोग्राम लिहायचा, एवढंच. खर्चाची बाजू इतकी स्वच्छ होती की शहाण्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. सर शहाणे होते, पण संगणकातले.

प्रोग्रामचं नाव त्यांनी ‘दिवा’ ठेवलं. कल्पना चांगली होती, हे त्यांच्या खाती जमा करायलाच हवं. शिक्षक व्हायला आलेली मुलंमुली पाठाचं टाचण काढायची, म्हणजे मागच्या वर्षीच्यांचं उतरवून काढायची. सराव पाठाच्या वेळी वर्गातल्या एखाद्या कार्ट्यानं आडवा प्रश्न विचारला की यांना एकदम फळा पुसायची आठवण व्हायची. यांना विचार करायला शिकवणार कोण? संगणक शिकवेल, असं सर म्हणाले. पडद्यावर वर्गातला एक प्रसंग यायचा. अमुक मुलानं असं असं केलं. तुम्ही काय कराल? का? खाली मोकळी चौकट. त्यात लिहायचं. उत्तरात जितकी कारणं दिली असतील तितका कोपऱ्यातला दिवा उजळायचा आणि शेवटी एक आकडा यायचा, विचारांक.

आता कारण दिलंय हे त्या यंत्राला कळणार कसं? त्याला शब्द दाखवून द्यावा लागतो. तो शब्द सरांनी जेवणाच्या टेबलावर ठरवला.

घरात माणसं तीन. सर, त्यांचा थोरला भाऊ आणि वहिनी. दादाचं चष्म्याचं दुकान होतं. सरांनी लग्न केलं नव्हतं. दादाच्या मते ते झालेलं होतं, प्रिंटरशी.

“कारण सांगताना आपण कुठला शब्द वापरतो?” सरांनी जेवता जेवता विचारलं.

“मी ‘बायको म्हणाली’ असं सांगतो,” दादा म्हणाला. “त्यापुढे कुणी काही विचारत नाही.”

“दादा, थट्टा नको. कामाचं आहे.”

“अहो भाऊजी, कारण सांगताना ‘कारण’च म्हणणार ना?” वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. “आणखी काय म्हणतात?”

सरांना ते पटलं. ‘का?’ असं विचारलं की ‘कारण’ असं उत्तर यायचं. व्याकरणही खूश, यंत्रही खूश. वहिनींनी सांगितलं ते चूक नव्हतंच. फक्त स्वतः वहिनी हा शब्द कधी म्हणत नसत. त्यांना ते माहीत नव्हतं. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येतं कुठे?

वहिनींचं बोलणं असं असायचं: “दारात तुमच्या चपला एकीवर एक पडलेल्या दिसल्या, म्हणून मी ओळखलं स्वारी रागात आहे, म्हणून आधी चहा टाकला नि मग ‘आलात का’ विचारलं.” आधी जे दिसलं ते, मग त्यातून जे निघालं ते. जेवताना त्या दिवसभराची हकिगत सांगायला लागल्या की दादा नि सर हातातला घास हातातच धरून बसत. शेवटचा ‘म्हणून’ गोष्टीला कुठे नेऊन सोडील याचा नेम नसे.

या वहिनी त्या वर्षी विद्यालयात शिकत होत्या. आधी कितीतरी वर्षं त्या एका बालवर्गात मदतनीस होत्या. पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, नाकं पुसायची, रडणारं मूल कडेवर घेऊन खिडकीतून गाड्या दाखवायच्या. शिकवायला मात्र कागद असलेल्या बाई यायच्या. ‘वहिनी, तुम्ही जन्मजात शिक्षिका आहात, नुसता कागद तेवढा नाही,’ असं म्हणून सरांनीच त्यांना प्रवेश घ्यायला लावला होता. वहिनींना एकच हवं होतं, स्वतःचा वर्ग. हजेरी आपण घ्यायची, नाडी सुटली तर दुसऱ्या कुणाला हाक मारायची. मग ती आपणच बांधली तरी चालेल, पण हाक मारायचा हक्क असावा.

तसा वर्ग समोर दिसतही होता. विद्यालयाला लागूनच सराव शाळा होती आणि तिथल्या दुसरीच्या बाई निवृत्त होत होत्या. प्राचार्य मॅडमनी जाहीर केलं, की ती जागा या वर्षीच्या तुकडीतल्या एकाला मिळेल आणि ती वर्षभराच्या विचारांकावरच मिळेल. वशिल्याचं नाव कुणी काढायला नको. थोडक्यात, सरांची खोली आणि वहिनींचा वर्ग या दोन्ही गोष्टी एकाच दिव्याला टांगलेल्या होत्या.

सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, “माझी वहिनी या तुकडीत आहे, म्हणून तिचं उत्तर मी उघडणारसुद्धा नाही. जे मोजायचं ते यंत्र मोजील.” सगळ्यांनी वा वा केलं. निःपक्षपातीपणा ही फार सोयीची गोष्ट आहे. नावही होतं आणि वाचायचे कष्टही वाचतात.

वहिनी विद्यालयात त्यांना ‘सर’ म्हणायच्या. पहिले काही दिवस म्हणताना हसू दाबायला तोंडाला रुमाल लावायच्या, मग सवय झाली.

संगणकाच्या खोलीत त्यांच्या शेजारी एक तरुण बसायचा. बोटं इतकी भराभर चालायची की सगळे त्याला टुकटुक म्हणायचे. मुलगा वाईट नव्हता. स्वतःचा डबा वाटून खायचा, वहिनींना ताई म्हणायचा, त्यांचा माऊस अडला तर झटकून द्यायचा.

पहिल्या प्रसंगात एका मुलानं वजाबाकी केली होती. एक्केचाळीस वजा सतरा, उत्तर छत्तीस. वहिनी बराच वेळ त्या छत्तीसकडे बघत बसल्या. मग स्वतःशीच हसल्या आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. लिहून झालं तरी कोपऱ्यातला दिवा जसाच्या तसा.

“ताई, तुमच्याकडची वीज गेलीय का?” टुकटुक म्हणाला.

“माझ्याकडे आलीच कुठे होती जायला?”

पुढे काही आठवड्यांत टुकटुकला गोम कळली. ज्याला कळते त्याच्याकडून ती दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. त्यानं वहिनींनाही सांगितलं. “ताई, काही नाही हो. नुसतं ‘कारण, कारण’ लिहीत जा. तो मठ्ठ शब्द मोजतो.”

वहिनींनी त्याला उडवून लावलं. “काहीतरीच! सरांनी इतका साधा बनवला असेल? मी घरी बघते ना, माणूस एका ओळीसाठी संध्याकाळभर डोकं धरून बसतो. माझंच कुठेतरी चुकत असणार.”

हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. टुकटुकवर विश्वास ठेवला असता तर वहिनींचं काम झालं असतं. त्यांनी तो दिरावर ठेवला.

घरी त्यांनी एकदाच विचारून पाहिलं. “भाऊजी, दिवा लागत नाही म्हणजे माझं नक्की काय चुकतं?”

“वहिनी, विद्यालयाचं घरात नको. आपलं नातं आहे म्हणून लोक टपलेलेच असतात.”

“तेही खरंच,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे मलाच अजून विचार करायला पाहिजे.”

आणि त्यांनी केला. उत्तरं लांबत गेली, त्यांच्यातली पोरं जास्त जास्त खरी होत गेली, आणि दिवा काळाठिक्कर राहिला. बाकी खोलीत मात्र लखलखाट झाला होता. तुकडीचा सरासरी विचारांक जिन्यासारखा पायरी पायरीनं वर चढत होता आणि तो जिना सरांना खोलीच्या दाराशी नेत होता.

वर्षाच्या शेवटी तपासणी समिती यायची होती. आदल्या दिवशी दुपारी सर संगणकाच्या खोलीत एकटे बसून समितीला दाखवायचे नमुने निवडत होते. चांगल्या उत्तराचे नमुने ढीगभर होते. एक वाईट नमुना हवा होता, बिनविचाराचा, म्हणजे शेजारी ठेवला की चांगल्याचं तेज वाढतं. त्यांनी सगळ्यात खालचा विचारांक शोधला. शून्य होता. नाव झाकून ठेवलं आणि उत्तर उघडलं.

त्यात लिहिलं होतं: ‘पोरगं चुकलेलं नाही. लहानातून मोठं जात नाही असं आपणच त्याला शिकवलं होतं, म्हणून त्यानं एकातून सात काढायच्याऐवजी सातातून एक काढला. सहा राहिले. चारातून एक गेला, तीन राहिले. म्हणून छत्तीस. त्यानं आपलं ऐकलंय, म्हणून त्याला चूक म्हणायच्या आधी मी माझं मागचं वाक्य परत घेईन. मग दहादहाच्या चार जुड्या नि एक सुटी काडी त्याच्यापुढे ठेवीन आणि मला सतरा दे म्हणीन. सुटी काडी एकच आहे, म्हणून तो कधीतरी जुडीचा दोरा सोडायला हात घालील. तोपर्यंत मी गप्प बसेन.’

सरांनी ते एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा, ओठ हलवत. तिसऱ्या ‘म्हणून’पाशी त्यांना ताटावर वाढणाऱ्या चमच्याचा आवाज आला. झाकलेलं नाव उघडून बघायची गरज उरली नाही.

शब्दांच्या यादीत एक शब्द घालायला कितीसा वेळ लागतो? सरांनी ‘म्हणून’ घातला आणि सगळं वर्ष पुन्हा मोजायला लावलं. वहिनी तळातून उठल्या त्या थेट सगळ्यांच्या वर जाऊन बसल्या. सरांच्या तोंडून “वा!” निघून गेलं. मग त्यांनी तुकडीची रेघ बघितली. जिना नाहीसा झाला होता. रेघ आडवी झोपली होती.

हे कसं झालं ते बघायला त्यांनी टुकटुकचं पहिल्या आठवड्यातलं उत्तर काढलं. ‘मी लहान असताना असंच करायचो, म्हणून आधी त्याला विचारीन, तुझे छत्तीस कसे आले ते मला दाखव.’ मग गेल्या आठवड्यातलं, तसल्याच एका प्रसंगावरचं: ‘मी त्याला पुन्हा समजावीन कारण त्याला समजले नाही कारण त्याचे लक्ष नव्हते कारण वर्गात गोंगाट होता कारण शिस्त नव्हती.’ पहिल्यावर दिवा विझलेला, दुसऱ्यावर डोळे दिपतील असा. सरांनी आणखी काही जणांची उत्तरं काढली. तेच. यायच्या वेळी पोरांना थोडाफार विचार करता येत होता. दिव्यानं तो वर्षभरात मोठ्या कष्टानं काढून टाकला होता.

सर उठले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, की ते उठले आणि सरळ प्राचार्य मॅडमच्या खोलीत गेले. जाताना काय बोलायचं ते मनाशी घोकतही होते.

“या सर, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!” मॅडमनी खणातून चावी काढली. “उद्या समितीसमोर द्यायची म्हणत होते, पण घ्या आजच. फक्त दाराला हात लावू नका, रंग ओला आहे. पाटीही आलीय. बघितलीत?”

चावी लहानशी होती. सरांनी ती घेतली. न घेता उभं राहणं बरं दिसलं नसतं.

“काही बोलायचं होतं का?”

“नाही… म्हणजे, प्रिंटर.”

“पुन्हा अडकला?”

“निघाला,” सर म्हणाले.

परत येऊन त्यांनी यादीतला नवा शब्द काढून टाकला. जिना जागच्या जागी उभा राहिला. समिती होऊन जाऊ दे, मग सावकाश घालू, असं त्यांनी ठरवलं. नेमणुकीचा कागद समितीच्याच दिवशी सहीला जाणार होता हे त्यांना ठाऊक होतं. ते आठवायचं मात्र त्यांनी टाळलं.

घरी वहिनी उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. समितीपुढे शेवटचा प्रसंग सोडवायचा होता.

“वहिनी, एक सांगू? उद्या उत्तरात ‘कारण’ लिहा.”

“म्हणजे?”

“आधी उत्तर लिहायचं. मग ‘कारण’ लिहायचं. मग पुढचं काय ते.”

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. “म्हणजे टुकटुक म्हणत होता ते खरं होतं?”

“तसं अगदी नाही. पण लिहा.”

“उत्तर आधी कसं लिहू भाऊजी? ते मला आधी सुचतच नाही. पोर काय करतंय ते बघायचं, त्यातून कुठे वाट फुटते का बघायचं, उत्तर मग येतं. तुम्ही म्हणता उत्तर आधीच धरून बसायचं नि मागून त्याला टेकू लावायचे. कोर्टात उभं राहिल्यासारखं.”

“एका दिवसापुरतं हो.”

“आणि विद्यालयाचं घरात बोलायचं नव्हतं ना?”

वहिनींचा चेहरा हळूहळू मऊ झाला. “माझ्यासाठी तुम्ही स्वतःचा नियम मोडलात,” त्या म्हणाल्या, “म्हणून तुम्ही सांगता तसंच लिहीन.”

बाहेरच्या खोलीतून दादानं विचारलं, “काय खलबतं चाललीयत दीर-भावजयीची?”

“भाऊजी मला दिवे लावायला शिकवतायत!”

“त्यात तो लहानपणापासून हुशार आहे,” दादा म्हणाला. वहिनी खळखळून हसल्या. सरही हसले. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. त्यात दोन पुरुष होते, त्यांनी भिंतीवरचा जिना बघून माना डोलावल्या. तिसऱ्या एक वयस्कर बाई होत्या, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून झालेल्या. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. त्या रांगांमधून फिरत फिरत वहिनींच्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. पडद्यावर एका मुलानं बावन्नातून अडतीस वजा केले होते आणि उत्तर लिहिलं होतं सव्वीस.

“बाई, ते यंत्र राहू द्या,” त्या वहिनींना म्हणाल्या. “मला तोंडानं सांगा. ह्या पोराचं काय करायचं?”

वहिनींनी मान वर करून सरांकडे बघितलं. सर प्रोजेक्टरपाशी उभे होते. वर्षभरात पहिल्यांदाच एक खराखुरा कान समोर आला होता, आणि तो नेमका योग्य खुर्चीपाशी येऊन थांबला होता. ‘वहिनी, तुमचं तुम्ही सांगा,’ एवढंच म्हणायचं होतं. सरांनी प्रोजेक्टरची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. ती सैल नव्हती.

“मी त्याला पुन्हा समजावीन,” वहिनी म्हणाल्या. “कारण… त्याला समजलेलं नाही.”

त्या बाई थोडा वेळ थांबल्या. पुढे काहीतरी येईल असं त्यांना वाटत असावं. “बस?”

“कारण त्याचं लक्ष नव्हतं,” वहिनी म्हणाल्या, आणि जे बोलल्या तेच चौकटीत लिहिलं. कोपऱ्यातला दिवा लागला.

“ताई, लागला!” टुकटुक कुजबुजला. खरंच आनंद झाला होता त्याला.

“छान,” त्या बाई म्हणाल्या. पाहुण्यांच्या घरी आवडलं नसलं तरी म्हणतात तसं छान. आणि पुढे गेल्या.

वर्षभराच्या अंधारापुढे एका दिवसाचा दिवा कितीसा पुरणार? नेमणूक टुकटुकची झाली. यादी लागली तेव्हा वहिनींनी सगळ्यांआधी त्याचं अभिनंदन केलं. पोरांच्या बुटांना नाड्यांऐवजी चिकटपट्टी लावून घे, असंही सांगितलं. मग परीक्षा झाली, त्या पासही झाल्या. हातात कागद आला. पण कागद असलेल्या बाया जागोजागी रांगेत होत्या, आणि वहिनींच्या कागदावर विचारांकही छापलेला होता. तो बघून मुलाखत घेणारे नम्रपणे विचारत, “विचार करायला जरा जड जातं का?” शेवटी त्या पूर्वीच्याच बालवर्गात मदतनीस म्हणून परत गेल्या.

सरांनी दिलेला शब्द पाळला, म्हणजे स्वतःला दिलेला. नव्या खोलीत बसून, दार लावून, त्यांनी यादीत ‘म्हणून’ घातला. नव्या तुकडीला त्याची गोम कळायला काही दिवस लागले. आता ती पोरं लिहितात, ‘मी म्हणून त्याला म्हणून समजावीन.’

घरात झालेला बदल आधी दादाच्या ध्यानात आला. चष्मेवाल्याची नजर.

“आज उशीर का गं?”

“उशीर झाला, कारण बस चुकली.”

दादानं घास हातात धरून वाट बघितली. “आणि?”

“आणि काय? बस चुकली.”

पूर्वी बस चुकली असती तर त्या बसमधली माणसं, थांब्यावरचा कुत्रा, छत्री विसरलेली म्हातारी असं सगळं एकमेकाला धरून टेबलापर्यंत आलं असतं. आता उत्तर आधी येई आणि त्यानंतर यायला काही उरत नसे. जेवणं लवकर आटपू लागली.

एकदा वाटेत वहिनींना टुकटुक भेटला. त्या रात्री जेवून दादा उठून गेल्यावर वहिनी ताटं गोळा करता करता म्हणाल्या, “तो दुसरा शब्द घातलात म्हणे यंत्रात?”

“हो.”

“बरं केलंत. कधी ध्यानात आलं?”

सरांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी टेबलावरचा एक थेंब बोटानं ओढत नेला. “समितीच्या आदल्या दिवशी.”

“मी इस्त्री करत होते तेव्हा?”

“त्याच्या आधी. दुपारी.”

वहिनींनी एका ताटात दुसरं ताट ठेवलं, मग तिसरं. आवाज चढला नाही. चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

“तुम्हाला दार असलेली खोली हवी होती,” वहिनी म्हणाल्या, “म्हणून…”

आणि थांबल्या. बऱ्याच दिवसांनी तो शब्द त्यांच्या तोंडी आला होता. सर वाट बघत राहिले. वहिनींनी आजवर एकही ‘म्हणून’ असा अर्ध्यावर सोडलेला नव्हता. कितीही आडवळणं घेतली तरी त्या तो शेवटाला नेत, आणि शेवटी हसू तरी येई नाही तर डोळ्यांत पाणी. हा त्यांनी तिथेच ठेवला, ताटं उचलली आणि आत गेल्या. नळाचा आवाज आला.

आता सगळं मिळवून बघू.

सरांना खोली मिळाली. त्यांचे कागद आता कोरडे असतात, कोणी पेला ठेवायला येत नाही. कोणी यायचं कारणच उरलेलं नाही. पाटी मिळाली. प्रिंटरपासून सुटका तेवढी झाली नाही. प्रमुखाच्या खोलीत जागा जास्त, म्हणून तो तिथेच आणून ठेवलाय. मॅडमना समितीचा शेरा मिळाला, टुकटुकला वर्ग मिळाला. मिळणाऱ्यांपैकी कुणी पदरचं काही घातलं नाही.

घातलं ते वहिनींनी, वर्गही आणि बोलणंही. दादानं घातलं. त्यानं काही मागितलं नव्हतं, तरी रोजची हकिगत गेली. आणि दुसरीच्या वर्गात एका पोरानं घातलं. आधीच्या बाईंनी सांगितलेलं त्यानं नीट ऐकलं होतं, म्हणून वहीत छत्तीस लिहिलं. त्याला सांगण्यात आलं, की तुझं लक्ष नव्हतं.